सर्व्हर नंतर घ्या, आधी ते 'नेव्हर' बघा

मागच्या महिन्यात एका सार्वजनिक संस्थेच्या बैठकीला जाऊन बसलो होतो. नाव सांगत नाही. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांत पोर्टल रांगतं, म्हणून आणखी दोन सर्व्हर घ्यायचा प्रस्ताव होता. पैसे अर्थातच तुमचे-आमचे. मी एकच विचारलं, व्हर्च्युअल मशीनला मेमरी किती मोठ्या पानांत दिली आहे? सगळे गप्प. मग कोपऱ्यातल्या एका पोराने लॅपटॉपवर बघून सांगितलं, "सर, होस्टवर ट्रान्सपरंट ह्यूज पेज 'नेव्हर' आहे." का? "पहिल्यापासून तसंच आहे."

या 'पहिल्यापासून'चाच मला राग येतो.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्स मेमरी एरवी 4 केबीच्या पानांत वाटतं. 64 जीबीच्या मशीनला अशी 1 कोटी 67 लाखांहून जास्त पानं लागतात. कुठलं पान कुठे आहे हे पेज टेबलात बघावं लागतं, आणि ते सारखं बघणं महाग म्हणून प्रोसेसर ताज्या नोंदी टीएलबी नावाच्या छोट्या वहीत ठेवतो. इंटेलच्या स्कायलेकमध्ये या वहीच्या दुसऱ्या स्तरात 1536 नोंदी मावतात. 4 केबीच्या हिशोबाने झाले 6 एमबी. पान 2 एमबीचं असेल तर तेवढ्याच नोंदींत 3 जीबी!

आता व्हर्च्युअल मशीन म्हणजे भाडेकरूचा पोटभाडेकरू. गेस्टचं स्वतःचं टेबल, आणि त्या टेबलाचं प्रत्येक पान खरोखर कुठे आहे हे कळायला होस्टचं टेबल. दोन्हीकडे चार-चार पायऱ्या असल्या, तर वहीत न सापडलेल्या एका पत्त्यासाठी जास्तीत जास्त 24 वेळा मेमरी वाचावी लागते. होस्टने 2 एमबीची पानं दिली की 19. गेस्टनेही तशीच वापरली की 15. वहीतली एक नोंद 2 एमबीची व्हायलाही पानं दोन्हीकडे मोठी लागतात. यासाठी एक रुपयाही मोजावा लागत नाही. ट्रान्सपरंट ह्यूज पेज 2011 पासून, म्हणजे 2.6.38 पासून, कर्नलमध्ये फुकट पडून आहे.

मग बंद का करतात? कुणीतरी कधीतरी वाचलं की डेटाबेसवाले बंद करा म्हणतात. खरं आहे, म्हणतात. रेडिसचं कारण तर रास्त होतं: जुन्या कर्नलमध्ये स्नॅपशॉटसाठी प्रोसेस फोर्क झाली की एक बाइट बदलला तरी 2 एमबी कॉपी करावी लागायची. पण अहो, तो सल्ला रेडिस जिथे चालतं त्या मशीनसाठी आहे. गेस्टमधलं औषध होस्टला कशाला पाजता? आणि ओरॅकल वर्षानुवर्षं सांगत आलंय की ट्रान्सपरंट बंद ठेवा आणि एसजीएसाठी ह्यूज पेज वेगळी राखून ठेवा. आपल्याकडे पहिलं अर्धं वाक्य पाठ झालं, दुसरं कुणी वाचलंच नाही. मोंगोडीबीने तर 8.0 पासून सल्लाच उलटा केला, आता चालू करा म्हणतात. आमच्याकडची स्क्रिप्ट मात्र जुनीच.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये याल. मोठ्या पानाला मेमरीचा सलग तुकडा लागतो. मशीन बरेच दिवस चालली की मेमरीची अवस्था भावकीत वाटून झालेल्या शेतासारखी होते. आपल्याकडे 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने एकत्रीकरण आलं, त्यातून गट नंबर आले आणि वादही. कर्नलमध्ये हे काम कॉम्पॅक्शन आणि 'खह्यूजपेजडी' करतात, आणि त्या हलवाहलवीत कधी कधी काम अडकतं. सारखी पानं एकत्र करून मेमरी वाचवणारं केएसएम चालू असेल तर ते मोठं पान फोडतं. 2019 मध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यावर केव्हीएमला कोड चालवणारी मोठी पानं तोडून 4 केबीची करावी लागली. म्हणून ज्याला खात्री हवी त्याने होस्ट सुरू होतानाच पानं राखून ठेवावीत. ती इतर कुणाला वापरता येत नाहीत, हा त्याचा तोटा.

म्हणजे डोळे झाकून 'ऑलवेज' करा असं मी म्हणत नाही. पोर्टल किती सुधारेल तेही आधी सांगणार नाही. कदाचित दोष एखाद्या भिकार क्वेरीचाही असेल. पण मोजलं का? होस्टच्या मेमइन्फोत 'अ‍ॅनॉन ह्यूज पेजेस'चा आकडा बघायला एक मिनिट लागतं, 'पर्फ'ने टीएलबी मिस मोजायला फार तर एक दुपार. प्रस्तावात सर्व्हरच्या रंगापर्यंत तपशील होता, हे दोन आकडे नव्हते. पुरवठादाराला ते नकोच असणार, त्याला दोष देत नाही. सही करणाऱ्याने तरी मागायचे ना?

मी लेखी मागितले आहेत. "तांत्रिक बाब असल्याने पुरवठादाराचा अभिप्राय मागवला आहे," असं उत्तर आलंय.