गॅलरीतील जुई आणि जयणा

कल्पसूत्रात वर्णिलेल्या त्रिशला मातेच्या चौदा स्वप्नांपैकी पाचवे स्वप्न पुष्पमालेचे आहे. त्या मालेतील फुलांची नावे सूत्रकारांनी एकेक करून दिली आहेत. चंपक, अशोक, बकुल यांच्यासह तेथे जाती आणि यूथिका, म्हणजे जाई आणि जुई, यांचाही उल्लेख येतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील सदनिकांत बकुळीचा वृक्ष वाढवता येत नाही. जुईचा वेल मात्र गॅलरीच्या गजांवर सहज चढतो.

श्रावकाच्या घरी वेल लावायचा तर विचार बागकामापुरता राहत नाही. वनस्पती हा स्वतः एकेंद्रिय जीव आहे आणि तिच्या आश्रयाला त्रसजीवही येतात. म्हणून औषध फवारण्याची वेळच येणार नाही, अशी व्यवस्था आरंभीच करावी. जयणेचा अर्थ तोच.

जुईला रोज चार-पाच तास ऊन हवे. अंधाऱ्या खोलीत ठेवलेला वेल किरटा होतो, त्याला फुले येत नाहीत आणि अशा दुबळ्या वेलीवरच मावा व पिठ्या ढेकूण लवकर येतात. कुंडी 12 ते 14 इंचांची, तळाला छिद्रे असलेली घ्यावी. तीत दोन भाग लाल माती, एक भाग रेती व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. नर्सरीतील तयार मिश्रणात पुष्कळदा बोनमील, म्हणजे हाडांचे चूर्ण, घातलेले असते. विकत घेण्यापूर्वी ते अवश्य विचारावे. त्याऐवजी शेंगदाण्याची पेंड थोड्या प्रमाणात घालता येते.

खरी कसोटी पाण्याची असते. वरची माती बोटाला कोरडी लागली म्हणजेच पाणी घालावे. कुंडीखालच्या बशीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि साधारण 8 ते 10 दिवसांत नवा डास तयार होतो. अळ्या दिसल्यावर बशी उलटी केली तर त्रसजीवांची हिंसा घडते. उलटी केली नाही तर घरात व शेजारी आजार पसरतो. म्हणून बशी रोज कोरडी करावी किंवा मुळीच ठेवू नये.

छाटणी जानेवारीच्या अखेरीस करावी. जुईला नव्या फुटव्यांवर फुले येतात. त्यामुळे हिवाळ्यात छाटलेला वेल उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत बहरत राहतो. कुंडी बदलायची असल्यास तेही आषाढापूर्वी उरकावे. चातुर्मासात हिरव्या वनस्पतीला कात्री न लावण्याचा नियम अनेक घरांत असतो. वेळेवर छाटलेल्या वेलीमुळे तो नियम सहज पाळला जातो.

जुईची कळी सायंकाळी उमलते. मात्र अंधारात फुलातील सूक्ष्म जीव दिसत नाहीत, म्हणून तेव्हा फुले तोडू नयेत. वेलीखाली स्वच्छ कापड झोळीसारखे, जमिनीला न टेकेल असे, बांधावे आणि रात्री आपोआप गळलेली फुले सकाळच्या उजेडात निरखून घ्यावीत. अष्टप्रकारी पूजेतील तिसऱ्या, पुष्पपूजेसाठी ती अखंड वाहावीत. सुईने टोचू नयेत, पाकळ्या वेगळ्या करू नयेत.

राजा कुमारपाळाच्या पूर्वभवाची कथा घरोघरी ठाऊक आहे. जयताकाने केवळ पाच कवड्यांत 18 फुले घेऊन प्रभूला वाहिली. पण त्या कवड्या त्याच्या स्वतःच्या होत्या. वर्षभर स्वतः जपलेल्या वेलीची चार फुलेही त्याच जातीची आहेत.

स्थानकवासी व तेरापंथी कुटुंबांत पुष्पपूजा नसते. तेथे फूल वेलीवरच राहू द्यावे. रात्री दुकान वाढवून घरी परतलेल्या माणसाला जुईचा गंध दार उघडताच मिळतो. त्यासाठी फूल तोडावे लागत नाही.