उकिरड्याचे पांग फेडू या

मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की खताच्या दुकानापुढे रांग लागते. सकाळी सहाला गेलेला माणूस अकरा वाजता मशीनवर अंगठा टेकवतो, तेव्हा गल्ल्यावरून आवाज येतो, "युरिया पाहिजे तर ही बाटली न्यावी लागेल, दादा." बाटलीत काय आहे हे दादालाही ठाऊक नसतं आणि विकणाऱ्यालाही. याला बाजारात लिंकिंग म्हणतात. दादा मुकाट्याने पैसे मोजतो, ४५ किलोची गोणी मोटरसायकलवर आडवी टाकतो आणि घरी येतो. दारात शिरताना त्याचं चाक एका काळ्या ओघळावरून जातं. गोठ्यामागच्या उकिरड्यातून निघालेलं ते पाणी ओढ्याकडे चाललेलं असतं. ज्या नत्रासाठी तो पाच तास उभा राहिला, तेच नत्र त्या ओघळातून फुकट निघालेलं असतं.

ही रांग दुकानदाराने लावलेली नाही, तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यानेही नाही. युरिया नैसर्गिक वायूपासून होतो आणि त्या वायूचा मोठा वाटा आपण कतारसारख्या देशांकडून घेतो. पोटॅश जवळपास सगळा परदेशातला. डीएपी तयार येतो तोही बाहेरून, आणि इथे बनतो त्याचा कच्चा मालही बाहेरून. २०२१ मध्ये चीनने फॉस्फेट खतांच्या निर्यातीला आळा घातला, पुढच्याच वर्षी युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशिया-बेलारूसच्या पोटॅशची वाट अडली. होर्मुझची सामुद्रधुनी नकाशावर करंगळीएवढी दिसते, पण तिथे जहाज थांबलं की आपल्या सोसायटीच्या गोदामाला कुलूप लागतं. त्या जहाजांवर तुमचा-माझा काही इलाज नाही. उकिरड्यावर आहे.

गोणी सोडा असं मी म्हणत नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतांची आयात बंद केली, भाताचं आणि चहाचं पीक बसलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली. दोन चमचे शिंपडा आणि युरिया विसरा, असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांचा हिशोबही मला कधी जुळलेला नाही. पिकाला किलोत लागणारं अन्न थेंबात मिळत नाही. तेव्हा हिशोब किलोतच करू.

युरियाच्या एका गोणीत नत्र असतं जेमतेम २१ किलो. आता गोठ्यात या. एक बैलजोडी आणि एक गाय. तिघांचं मिळून रोजचं तीस किलो शेण धरलं, तरी वर्षाला अकरा टन ओलं शेण होतं. कुजून निम्मं राहिलं तरी पाच टन. नीट कुजलेल्या एक टन शेणखतात साधारण ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद आणि ५ किलो पालाश असतं. म्हणजे पाच टनांत २५ किलो नत्र, १० किलो स्फुरद, २५ किलो पालाश. युरियाची एक गोणी भरून थोडं उरतं, डीएपीच्या गोणीतलं निम्म्याच्या आसपास स्फुरद येतं आणि पोटॅशची गोणी जवळजवळ भरते. हे सगळं पहिल्याच हंगामात पिकाला मिळत नाही, बरंचसं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागू पडतं. पण त्याबरोबर जमिनीत जो सेंद्रिय कर्ब जातो, तो कुठल्याच गोणीत नसतो, आणि कर्ब नसलेल्या जमिनीत टाकलेला युरिया पिकापेक्षा पाण्याच्याच वाट्याला अधिक जातो.

अट एकच, खत नीट कुजलेलं हवं. आपले उकिरडे कुजत नाहीत, वाळतात आणि धुपतात. उघड्या ढिगाला चैत्र-वैशाखाचं ऊन लागतं, नत्र हवेत उडून जातं. राहिलेलं आषाढात ओघळातून जातं. अशा ढिगातलं निम्म्याच्या आसपास नत्र शेतापर्यंत पोहोचतच नाही. त्याहून मोठी गळती गोमूत्राची. जनावराच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या नत्र-पालाशाचा मोठा भाग मुतातून जातो, आणि फरशी घातलेल्या नव्या गोठ्यांतून तो थेट गटारात. गोठ्यात भुश्याचा, पाल्याचा किंवा नुसत्या मातीचा थर द्या, भिजला की ओढून खड्ड्यात टाका. खड्डा झाडाच्या सावलीत, थोडा उंचावर, भोवती बांध. शेण, काडीकचरा, माती असे थर, ओल हाताला लागेल इतकीच, वर शेणमातीचा लेप. यात विकत घ्यावं असं काही नाही. म्हणूनच कदाचित कुणी त्याची जाहिरात करत नाही.

ही विद्या आपल्याला परकी नाही. अल्बर्ट हॉवर्ड यांनी होळकरांच्या इंदुरात कंपोस्टची जी पद्धत बसवली, तिच्यावरचं १९३१ चं पुस्तक त्यांनी एकट्याने लिहिलं नाही. सोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. पुढे पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी जाळीदार विटांच्या टाकीत थोडक्या शेणावर ढीगभर कचरा कुजवून दाखवला. ती नाडेप टाकी त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांची. रोजगार हमीतून अशा टाक्या गावोगाव बांधल्या गेल्या. तुमच्या गावातल्या टाक्यांत आज खत आहे की सरपण, एकदा डोकावून पाहा.

उसाच्या पट्ट्यात तर उकिरड्याचीही गरज नाही, खत सरीतच पडलेलं असतं. एका एकरातून तीन-चार टन पाचट निघतं. त्यात पंधरा-वीस किलो नत्र आणि पोटॅशची जवळजवळ एक गोणी. तोडणी झाली की संध्याकाळी काडी लागते आणि त्यातलं नत्र व कर्ब धुरात जातं. पालाश राखेत राहतं खरं, पण राखेला वारा कुठे थांबू देतो? पाचटात उंदीर होतात, पाणी फिरत नाही, बुडखे छाटायला अडचण होते, या तक्रारी खोट्या नाहीत. मात्र त्यांवर उत्तरं आहेत. पाचट एकाआड एक सरीत दाबा, किंवा कुट्टी यंत्र फिरवा. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू खत टाका, पाणी द्या. खोडवा उंचीला येईपर्यंत पाचट मऊ पडलेलं असतं. यंत्राचं भाडं एकट्याला परवडत नसेल तर कारखान्यांनी ते गटागटाने फिरवावं. तोडणीच्या टोळ्या लावतात, तशी कुट्टीचीही पाळी लावावी.

सोयाबीनला वरून युरिया देणारे तर खत अक्षरशः वाया घालवतात. बियाण्याला रायझोबियम चोळलं तर सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी स्वतःच नत्र धरतात.

आणखी एक गोष्ट मला खटकते. मे महिन्यात कोरडवाहू गावांतून शेणखताच्या ट्रॉल्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांकडे जातात. मुलीच्या फीसाठी, दवाखान्यासाठी रोख हातात येते, मी कुणाला दोष देणार? पण मे महिन्यात विकलेल्या खताची भरपाई जूनमध्ये रांगेत उभं राहून, बाटलीसकट करावी लागते. विकायचंच असेल तर अर्धं विका. आणि धनगर मेंढरं घेऊन शिवारात आला तर त्याला हाकलू नका. रात्रभर रानात मेंढरं बसवली की लेंडी आणि मूत जागेवरच मुरतं, वाहतुकीचा खर्चच नाही. आपले आजोबा त्यासाठी त्याला धान्य द्यायचे.

आता घरात ऐकायला जड जाईल असं थोडं. शेणकूर बाई काढते, पाटी तीच वाहते, आणि खताचा निर्णय मात्र पारावर होतो. खड्डा सुधारायचा तर तिच्या डोक्यावरची पाटी आधी उतरवा. हातगाडी घ्या, खड्डा गोठ्याजवळ घ्या. ग्रामपंचायतींनी स्वच्छतेच्या नावाखाली उकिरडे गावाबाहेर काढले, ठीक केलं, पण बऱ्याच ठिकाणी बाहेर त्यांना जागाच दिली नाही. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गोठेवाल्याला खड्ड्यापुरती जागा मागा. ठराव लिहून घ्या, नुसती मान डोलावून उठू नका.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आहे. आपण दिवाळीला त्याच्यावर पणतीही ठेवतो. बारा वर्षं थांबू नका. या रविवारी फावडं घ्या, ढिगाभोवती बांध घाला, वरून माती ओढा. उसाची तोडणी चालू असेल, तर संध्याकाळी काडेपेटी खिशातच राहू द्या.