सल्लागार कोणाचा?

ईव्हीएस म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री सीनियरच्या फाइलवरून उतरवायचा विषय, हे आपल्या कॉलेजात सर्वमान्य आहे. त्यामुळे पर्यावरण शास्त्रज्ञ हेही एक करिअर आहे असं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "पॅकेज किती?" माझा प्रश्न वेगळा आहे. हा शास्त्रज्ञ सरकारला सल्ला देतो, तेव्हा तो नक्की कोणासाठी काम करतो? सरकारसाठी, की आपल्यासाठी?

माधव गाडगीळांचंच उदाहरण घ्या. पुण्याचा माणूस. हार्वर्डची पीएच.डी. घेऊन १९७१ मध्ये परत आले, १९७३ पासून बंगळूरच्या आयआयएस्सीत. १९७५ मध्ये कर्नाटक सरकारने त्यांना विचारलं, जंगलातला बांबू का संपतोय? वनखात्याचं उत्तर तयारच होतं: गावकरी आणि त्यांची गुरं. (दोष द्यायला गरीब माणूस नेहमीच हाताशी असतो!) गाडगीळ जंगलात फिरले, गावकऱ्यांशी बोलले. तेव्हा कळलं की बांबूच्या बेटाखालचे काटे खातंच 'साफ' करत होतं. काटे गेले की कोवळे कोंब गुरांच्या तोंडी. शिवाय कागद गिरणीला बांबू मिळत होता नगण्य किमतीत, मग तो जपून वापरायचा कशाला? म्हणजे ज्यांनी काम दिलं, त्यांचीच चूक त्यांना दाखवायची. यासाठी हिंमत लागते राव.

मोठी परीक्षा पुढे होती. २०१० मध्ये केंद्राने पश्चिम घाटासाठी समिती नेमली, अध्यक्ष गाडगीळ. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, आणि मंत्रालयाने तो चक्क दाबून ठेवला! माहिती अधिकारात अर्ज गेला, केंद्रीय माहिती आयोगाने उघड करा म्हटलं, मंत्रालय हायकोर्टात गेलं, तिथेही हरलं. मग कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. लगेच दुसरी समिती आली, कस्तुरीरंगन यांची. तिने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या साधारण ३७ टक्क्यांवर आणलं.

गाडगीळ अव्यवहार्य होते, असं बरेच जण म्हणतात. अख्खा तालुका एकाच रंगात रंगवणं ढोबळ होतं, हे मलाही पटतं. पण ही पहिली आखणी आहे, शेवटचा निर्णय ग्रामसभांना विचारून घ्या, हे अहवालातच लिहिलं होतं. सिंधुदुर्गातल्या २५ गावांनी तर आमचं गाव संवेदनशील जाहीर करा, असे ठराव स्वतःहून केले होते. ती गावं म्हणे विकासविरोधी! ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. बरोब्बर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, वायनाड. दुसऱ्या दिवशी केंद्राने संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढला. तो सहावा मसुदा होता.

आता हे इंजिनीअरिंगच्या मासिकात कशाला? कारण आपल्यातले काही जण, विशेषतः सिव्हिल आणि केमिकलवाले, उद्या पर्यावरण परिणाम अहवाल लिहिणाऱ्या कन्सल्टन्सीत लागतील. तिथे कन्सल्टंट निवडतो प्रकल्पवाला, फीही तोच देतो. आता अशा अहवालात "इथे प्रकल्प नको" असं वाक्य कोण लिहिणार, सांगा! माणूस प्रामाणिक असला तरी पुढचं काम कुठून आणेल?

मला वाटतं, प्रकल्पवाल्याने पैसे एखाद्या स्वतंत्र संस्थेकडे भरावेत आणि कन्सल्टंट तिने नेमावा. आणि जनसुनावणीआधी अख्खा अहवाल मराठीत मिळावा. आज स्थानिक भाषेत सक्ती आहे फक्त सारांशाची, बाकी जाडजूड इंग्रजी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही हे अहवाल वाचताना डिक्शनरी घेऊन बसतो. ज्याची जमीन जाणार, त्याने सुनावणीत त्यावर काय बोलायचं?