पुस्तकाची पायरी आणि मुलाची पायरी

मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविणारी कुटुंबे आता आपल्याही परिचयात दिसू लागली आहेत. गणित शिकविताना या पालकांना फारसा प्रश्न पडत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार असा क्रम ठरलेला असतो. खरी अडचण येते ती साहित्याच्या तासाला. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती नेमके कोणते पुस्तक द्यावे? राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने मूलभूत शिक्षणाचे अ, ब आणि क असे स्तर केले असून ते अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवी या इयत्तांच्या बरोबरीचे मानले जातात. परंतु हे परीक्षेचे स्तर झाले. वाचनाची पायरी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती प्रत्येक मुलागणिक निराळी असते.

बँकेत कर्जाची मर्यादा ठरविताना अर्जदाराचे वय अथवा पेढीचे नाव तेवढे पाहून भागत नाही. परतफेडीची कुवत तपासावी लागते. पुस्तकाचेही तसेच आहे. वय पाहून पुस्तक आणणे म्हणजे ताळेबंद न पाहता कर्ज मंजूर करणे होय.

काही प्रकाशक पुस्तकावरच पायरी छापतात. ‘प्रथम बुक्स’च्या गोष्टींचे चार स्तर आहेत. पहिल्या स्तरात सुमारे २५० शब्दांपर्यंतची गोष्ट, दुसऱ्यात ६०० पर्यंत, तिसऱ्यात १५०० पर्यंत आणि चौथ्यात त्याहून मोठी. ही खूण उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. इंग्रजीत वाक्याची व शब्दांची लांबी मोजून पुस्तकाची कठीणता काढण्याची सूत्रे रूढ आहेत. मराठीला ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत. ‘दुकानासमोरच्या’ हा आपला एकच लांबलचक शब्द, पण रोजच्या बोलण्यातला असल्याने मूल तो सहज वाचते. उलट ‘कर्तृत्व’ हा अवघ्या तीन अक्षरांचा शब्द. त्यात रफार, ऋकार आणि जोडाक्षर एकत्र आल्याने तेच मूल तेथे अडखळते. म्हणून मराठी पुस्तक चाळताना शब्दांच्या लांबीपेक्षा जोडाक्षरांची दाटी आणि अपरिचित शब्दांचे प्रमाण पाहावे.

घरच्या घरी करण्याजोगी एक साधी चाचणी आहे. पुस्तकाच्या मधले एखादे पान मुलाला मोठ्याने वाचावयास सांगावे. न समजलेल्या प्रत्येक शब्दाला त्याने एक बोट मिटावे. पान संपेपर्यंत एखादेच बोट मिटले तर पुस्तक सोपे, दोन-तीन मिटली तर योग्य, आणि पाचही मिटली तर ते तूर्त बाजूला ठेवावे. त्यानंतर, “काय वाचलेस ते तुझ्या शब्दांत सांग,” एवढेच म्हणावे. घडाघडा वाचणाऱ्या मुलाला पुष्कळदा काहीच सांगता येत नाही, तर अडखळत वाचणारे मूल सारी हकिकत सांगून जाते. पहिल्याला अर्थाचा सराव हवा, दुसऱ्याला अक्षरांचा. दोघांना एकच पुस्तक देऊन चालणार नाही.

आपल्या व्यापारी घरांतून याला आणखी एक पदर आहे. घरात बोली मारवाडी, गुजराती वा मराठी, दुकानात गिऱ्हाइकाशी मराठी आणि अभ्यास इंग्रजीत. अशी मुले इंग्रजी कादंबऱ्या भराभर वाचतात. मराठीत मात्र दुसरीच्या परिच्छेदापाशी थांबतात. त्यांच्या हाती चिमुकल्यांचे चित्रपुस्तक दिले तर त्यांना अपमान वाटतो, आणि मोठे पुस्तक दिले तर चौथ्या पानावर ते मिटते. यातून मार्ग एकच : डोळ्यांची पायरी आणि कानांची पायरी वेगळी धरावी. ज्या मुलाला वाचता येत नाही, त्याला समजतही नाही असे मुळीच नाही. मोठ्यांचे बोलणे ऐकतच ते वाढलेले असते.

यासाठी घरात पुस्तकांचे तीन कप्पे करावेत. पहिला कप्पा मुलाने एकट्याने वाचावयाचा. तेथे पुस्तक एक पायरी खालचेच असावे. लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ आहे. मराठीत मागे पडलेल्या मोठ्या मुलासाठी ‘चिंटू’ची चित्रमालिका उत्तम, वाक्ये छोटी, पण विनोद बाळबोध नव्हे. दुसरा कप्पा सोबतीने, आळीपाळीने वाचावयाचा. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आणि १९७१ पासून निघणारे बालभारतीचे ‘किशोर’ मासिक येथे शोभेल. पुरंदरे यांनीच संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या संग्रहाचे बालगट व कुमारगट असे भाग असल्याने निवडीचा बराच भार हलका होतो. तिसरा कप्पा मोठ्यांनी वाचून दाखवावयाचा. तेथे दोन पायऱ्या वर जाण्यास हरकत नाही. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ची प्रकरणे ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच आहेत. रोज एक वाचली तर दीड महिन्याच्या आत पुस्तक पूर्ण होते. त्यानंतर वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ घ्यावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. पायरी भाषेची असते, आशयाची नव्हे. सोप्या शब्दांतील पुस्तकातही मृत्यू, दारिद्र्य वा विरह येतो. असे विषय टाळावेत असे नाही. पण त्या पानापाशी मूल एकटे नसावे. म्हणून देण्यापूर्वी पुस्तक आपण स्वतः वाचलेले असावे.

शेवटी हिशेबाची गोष्ट. एका साध्या वहीत तारीख, पुस्तकाचे नाव, अडलेले शब्द आणि पुस्तक कोठे सोडले एवढी नोंद ठेवावी व दर तीन महिन्यांनी ती पाहावी. अडलेल्या शब्दांची संख्या घटली असेल तर पुढची पायरी घ्यावी. अर्धवट सोडलेले पुस्तक बुडीत खात्यात टाकू नये. वर्षभराने तेच पुस्तक मूल आपण होऊन मागते. गुण देऊ नयेत आणि भावंडांची तुलना तर मुळीच करू नये.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. मुले मराठी बोलतील, व्यवहारही करतील. पण वाचणे सुटले तर आजोबांच्या हातची वही आणि आजीचे पत्र त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागेल. घरी शिकणाऱ्या मुलाला कोणी शाळा याची आठवण करून देणार नाही. ती जबाबदारी आपली आहे, आणि त्यासाठी संध्याकाळची वीस मिनिटे पुरेशी आहेत.