ना खेडं, ना शहर

मराठी कथेची वाटणी करताना समीक्षकांनी दोन फडताळं केली, नागर आणि ग्रामीण. आखाडा बाळापूर दोन्हींत बसत नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. हळद-सोयाबीनची आडत, खतांची दुकानं, मोबाईलवाले, शिकवण्या. इथला माणूस सकाळी शेतात असतो नि दुपारी गल्ल्यावर. त्याची कथा मागायला कुणी आलंच तर दुष्काळ मागतं, कर्ज मागतं. ही दुःखं खरीच आहेत, पण माणूस तेवढाच नसतो.

उरलेला माणूस कथेत कसा येतो, हे आयरिश लेखक जेम्स जॉइसकडे पाहावं. त्याचा ‘डब्लिनर्स’ हा पंधरा कथांचा संग्रह १९१४ साली निघाला. डब्लिन तेव्हा लंडन-पॅरिसच्या पंगतीतलं शहर नव्हतं. त्यातल्या ‘अ लिटल क्लाउड’ कथेत लंडनला जाऊन नाव काढलेला मित्र गावी येतो. त्याच्यासमोर बसलेला कारकून आतल्या आत करपतो आणि घरी जाऊन रडणाऱ्या तान्ह्या पोरावर खेकसतो. घडतं ते एवढंच. दिवाळीला पुण्याहून नवी गाडी घेऊन आलेला वर्गमित्र आणि इथंच दुकान धरून राहिलेला त्याचा जोडीदार बसस्टँडसमोर चहाला थांबतात, तेव्हा दुसरं काय घडतं? “कसं चाललंय?” “मजेत.” आणि मग चहाचे पैसे आपणच द्यायचे म्हणून दुकानदार हट्टाला पेटतो, मित्राचा हात धरून मागं सारतो. त्या हट्टात अख्खी कथा आहे.

अशी नजर मराठीला परकी नाही. गंगाधर गाडगीळांनी १९४०च्या दशकात ती मुंबईच्या मध्यमवर्गावर रोखली. त्यांचा ‘कडू आणि गोड’ हा कथासंग्रह १९४८चा. आणि आपल्याकडे परभणीला बी. रघुनाथ बांधकाम खात्यात कारकुनी करत कथा लिहीत होते. ते १९५३ साली, अवघ्या चाळिशीत गेले. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती, म्हणजे हा वारसा घरचाच. तो आमच्या लिहित्या पोरांच्या हाती कुणी दिला नाही, याची मला खंत वाटते.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगायला हवी. ‘डब्लिनर्स’ छापायला घेतलेल्या डब्लिनच्या प्रकाशकाचा आक्षेप होता तो कथांमधल्या खऱ्याखुऱ्या दुकानांच्या, गुत्त्यांच्या नावांवरही. १९१२ साली छापून झालेले फर्मे नष्ट केले गेले. अखेर पुस्तक लंडनहून आलं, आणि डब्लिनचे रस्ते त्यात आपापल्या नावांनी आले. तेव्हा ‘एका छोट्याशा गावात’ अशी सुरुवात नको. बाळापूर लिहा, मोंढा लिहा, कळमनुरीची चुकलेली बस लिहा. आणि अशी कथा टपालात आली, तर दिवाळी अंकांच्या संपादकांनी तिच्यातला दुष्काळ शोधत बसू नये. आहे तशी छापावी.