उद्देशिकेतला एक शब्द

धाकटीच्या नागरिकशास्त्राच्या परीक्षेची तयारी चालली होती. उद्देशिका म्हणताना ती ‘समाजवादी’ या शब्दावर थांबली. “अम्मी, म्हणजे सगळ्यांकडे सारखे पैसे? मग खालांना एक फ्रॉक शिवायचे एवढेसेच का मिळतात?”

परीक्षेपुरते उत्तर मी दिले. पण या शब्दाची हकिकत मुलांना सांगावी अशी आहे.

१५ नोव्हेंबर १९४८ रोजी प्रा. के. टी. शहा यांनी संविधान सभेत सुचवले की, भारत समाजवादी असल्याचे संविधानातच लिहावे. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. ते भांडवलदारांचे कैवारी नव्हते; प्रमुख उद्योग आणि शेती सरकारी मालकीची असावी, असा आराखडा त्यांनीच १९४७ मध्ये मांडला होता. त्यांचा मुद्दा असा की, अर्थव्यवस्था कोणती असावी हे आपणच कायमचे ठरवून ठेवले, तर पुढच्या पिढ्यांची लोकशाही उरली कुठे? पुढच्या वर्षी उद्देशिकेच्या चर्चेत मौलाना हसरत मोहानींनीही समाजवादी प्रजासत्ताकाचा आग्रह धरला. तोही मान्य झाला नाही.

शब्द आला तो १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने. तेव्हा आणीबाणी होती, विरोधक तुरुंगात होते, लोकसभेची निवडणूक लांबवली होती. समाजवाद लिहिला गेला, पण मतदाराला न विचारता! १९९१ नंतर देश खुल्या बाजाराकडे वळला, तरी शब्द राहिला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो काढण्याची मागणी फेटाळली. समाजवादी म्हणजे कल्याणकारी राज्य, खासगी उद्योगाला त्यात मनाई नाही, असा अर्थ सांगितला.

त्याच तारखेला, ७५ वर्षांपूर्वी, बाबासाहेबांनी इशारा दिला होता: राजकारणात प्रत्येकाच्या मताला एकच किंमत आणि आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीच धोक्यात येईल. मला शब्दापेक्षा हा इशारा मोठा वाटतो. खाला आणि त्यांना काम देणारा ठेकेदार एकाच रांगेत मतदान करतात. शिलाईचा दर मात्र तो एकटाच ठरवतो. रमजानमध्ये आपण जकात काढतो आणि सुटल्यासारखे वाटते. खालांना जकात नको आहे, कामाचा दाम हवा आहे.

मी मुलीला कलम ३९ दाखवले. संपत्ती मोजक्या हातांत साचू नये, समान कामाला समान वेतन मिळावे, हे राज्याने पाहायचे आहे. पण त्यासाठी कोर्टात जाता येत नाही, असे कलम ३७ सांगते.

“मग कुठे जायचं?” तिने विचारले.

“मत मागायला येतात ना, त्यांना खालांसमोरच दर विचारायचा.”

तिने वहीत ३९ लिहून घेतले. परीक्षेला येणार का, एवढे मात्र विचारलेच.