दुरून घडणारी उपासना

सन २०२० च्या आषाढीला संत निवृत्तिनाथांच्या पादुका त्र्यंबकेश्वरहून एस.टी.ने पंढरपुरास गेल्या. वारकऱ्यांनी घरीच पडद्यावर विठुरायाचे दर्शन घेतले. त्याच वर्षी अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चची उपासनाही अशीच घरोघर पोहोचली. सकाळ-सायंकाळच्या प्रार्थनेत दुरून सूर मिळविता येई. प्रभुभोजनातील भाकर मात्र पडद्यातून हाती येणे अशक्य. तेव्हा ख्रिस्ताला अंतःकरणातच ग्रहण करण्याची प्रार्थना अनेक भाविक म्हणत. मानसपूजा जाणणाऱ्या आपल्या घरांना यातील भाव सहज उमगेल.

नाशिकचा याच अँग्लिकन परंपरेशी जुना संबंध आहे. शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेल्या जेकब वेनराइट या आफ्रिकी तरुणाने १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टनचे हृदय आफ्रिकेच्या भूमीत पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली. तेथे ना चर्च होते, ना धर्मोपदेशक.

अंतरामुळे उपासना उणी होत नाही. आपण नुसते बघे झालो तर होते. म्हणून आषाढीस पडद्यावरील दर्शन अवश्य घ्यावे; परंतु शुचिर्भूत होऊन, सहकुटुंब आसनावर बसून आणि स्वमुखाने नाम घेऊन.